दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

मी गिअरबॉक्स बोलतोय. हां, तोच, गाडीच्या पोटात इंजिनाला चिकटून बसलेला. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात, गाणी लावून बघतात, डिकीत किती सामान मावेल तेही बघतात. मला कोणी वाकून बघत नाही. आणि गाडी अडली की पहिलं नाव माझं! "गिअरबॉक्स गेला वाटतं." अरे, गेला म्हणजे काय? मी कुठे जाणार? इथेच तर आहे.

त्यातून मी ऑटोमॅटिक. माझ्या गाडीला क्लच नाही, त्यामुळे चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला काही कामच नाही. दांडी ओढून 'डी'वर, म्हणजे ड्राइव्हवर आणायची, उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबायचा, पुढचं माझं मी बघतो. पहिल्यातून दुसऱ्यात कधी जायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी, ते मी ठरवतो. माझ्या पोटात लाल तेल फिरत असतं. त्या तेलाच्या जोरावर आतल्या चकत्या एकमेकींना धरतात आणि वेळ आली की सोडतात. तेल आहे तोवर मी आहे, एवढं साधं आहे माझं.

माझे पहिले मालक ठाण्याच्या पाचपाखाडीतले रवींद्र साहेब. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे दुखायचे म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक घेतली. माणूस भला, पण पेट्रोलच्या बाबतीत महाकंजूष. उतार दिसला की दांडी न्यूट्रलवर! उतार संपला की परत डी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण सांगतो कोणाला? दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. कुंकवाचं बोट काही माझ्यापर्यंत कधी पोचलं नाही. पुढे साहेबांना काचबिंदू झाला, नजर गेली आणि त्यांनी गाडी विकली.

ती घेतली डोंबिवलीच्या रचनाने. रचना वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. क्लच दाबणं तिला शक्य नाही, म्हणून माझ्यासारखा हवा होता. पहिल्या दिवशी तिची आई रमाबाई खाली येऊन गाडीवरून हात फिरवत बोलली, "हिला आता कोणाची वाट बघायला नको."

ती असं का बोलली ते मला हळूहळू कळलं. रचना शाळेत गेली ती वडिलांच्या, शिवरामांच्या, खांद्यावर. कॉलेजला गेली ती धाकट्या भावाच्या सायकलवर. नोकरीला लागली तेव्हा कोणीतरी रिक्षा बघून द्यायचं, कोणीतरी बस थांबवायचं. सगळे प्रेमाचेच. पण आयुष्यभर कोणीतरी येईपर्यंत थांबायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. वडील आता नाहीत. माझ्या गाडीत बसल्यावर ती पहिल्यांदा घरी न सांगता कुठे गेली असेल, तर ठाण्यात तलावाकाठी, तलावपाळीला. गाडी लावली, काच खाली केली आणि एकटीने भेळ खाल्ली. घरी कोणाला बोलली नाही. मी मात्र तिथेच होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटला.

चौदा एप्रिलला ती मला, म्हणजे गाडीला, स्वतः धुते. बोनेटवर छोटा निळा झेंडा लावते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती माझं तेल बघायची. हे साहेबांनी कधी केलं नाही. तिच्यापाशी मी सुखात होतो.

मग तो शिळफाट्याचा दिवस आला. सकाळी कामावर जाताना फाट्यावरच गाडी बंद पडली. दोष माझा नव्हता, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप गेलेला. कंपनीत त्या दिवशी बाहेरून तपासणीला माणसं येणार होती, तिला पोचणं भाग होतं. तिने भावाला बोलावलं. महेंद्र. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, पंधरा वर्षांचा असल्यापासून गाड्यांत वाढलेला. तो लगेच आला. रचना रिक्षात बसता बसता त्याला बोलली, "महेंद्र, ही ओढायची नाही हां. गाडी अख्खी उचलून नेणारी क्रेन बोलाव. ऑटोमॅटिक आहे."

"हो गं ताई, जा तू. मी आहे ना."

'मी आहे ना' या तीन शब्दांची मला आता धडकी भरते. क्रेनवाला फोनवर बोलला, वेळ लागेल. महेंद्रने टेम्पोतली दोरी काढली, पुढे बांधली, दांडी न्यूट्रलवर टाकली, एका ओळखीच्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि निघाला. क्लचवाल्या साध्या गाडीला याने काही होत नाही. पण माझं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल जागच्या जागी, आणि चाकं मात्र मला आतून गरागरा फिरवतायत. शिळफाटा ते डोंबिवली. ओरडायला तोंड असतं तर अख्खा कल्याण-शीळ रोड गोळा केला असता! कोरड्या चकत्या एकमेकींवर घासत राहिल्या आणि मी आतून भाजत राहिलो.

पेट्रोलचा पंप बदलला, गाडी सुरू झाली. महेंद्रने पैसेही घेतले नाहीत. रचना त्याला बोलली, "तू होतास म्हणून बरं."

दुखणं लगेच वर आलं नाही. सकाळी थंड असताना मी ठीक असायचो. गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना चकत्यांची पकड सुटायची. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढे जायची नाही, आणि मग एकदम धाडकन झटका. रचना दचकायची. मला लाज वाटायची. इतकी वर्षं गिअर बदललेला तिला कधी कळू दिला नव्हता मी.

नाक्यावरचे एक-दोन मेकॅनिक झाले. "सेन्सर आहे मॅडम." सेन्सर बदलला. "प्लग टाका नवीन." प्लग टाकले. एकाने तर सांगितलं, ऑटोमॅटिकचं असंच असतं, विकून टाका. उचलली जीभ लावली टाळ्याला! जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा सगळा कारभार. आणि प्रत्येक जण बोलायचा महेंद्रशी. गाडी चालवणारी शेजारी उभी, तिला कोणी विचारायचं नाही की बाई, नक्की होतं काय?

मुंब्रा बायपासच्या चढावर मी कधीतरी दगा देणार हे मला ठाऊक होतं, आणि तिथेच तो दिला. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पकड सुटली ती परत बसेचना. रचनाने पाय दाबला, इंजिन किंचाळलं, गाडी जागेवर. मागचा ट्रेलर हॉर्न देत अगदी जवळ आला. तिच्या तोंडून "आई गं" निघालं. शेवटी पहिल्या गिअरमध्ये रखडत तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मीही रडलो असतो.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच बोलणं झालं. रमाबाई घाबरलेली. "नको गं ती गाडी. जीव मोठा का गाडी मोठी?"

महेंद्र बोलला, "ताई, विकून टाकू. मी सोडत जाईन ना तुला रोज. टेम्पो कशाला आहे?"

तो मनापासून बोलत होता. तिला डेंग्यू झालेला तेव्हा हाच भाऊ धंदा बंद ठेवून हॉस्पिटलात बसलेला. वाईट असता तर मला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण गाडी गेली की रचनाचं एकटीने येणं-जाणं गेलं, तलावपाळी गेली, परत आपलं गेटवर उभं राहून कोणीतरी यायची वाट बघणं. एवढं सगळं माझ्या चार जळक्या चकत्यांवर येऊन ठेपलेलं.

मग तो तिला सोडू लागला. मी पार्किंगमध्ये धूळ खात उभा. सकाळी ती टेम्पोच्या उंच पायरीवर चढायची ते मला दिसायचं. महेंद्र तिला काखेत धरून वर घ्यायचा. ती हसायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. संध्याकाळी त्याला भाडं मिळालं की उशीर व्हायचा. "सॉरी ताई, भिवंडीला अडकलेलो." "असू दे रे."

एका रविवारी ती किल्ली घेऊन खाली आली. एकटीच. कामावर ती रोज बिघडलेली पॅनेलं तपासते, तिचं एक ठरलेलं वाक्य आहे. फोनवर हाताखालच्या माणसांना सांगताना मी ते कितीदा ऐकलंय: "बिघाड आपोआप होत नाही. बिघडायच्या आधी काय वेगळं झालं ते सांग." तिने इंजिन सुरू केलं, थंड असताना बिल्डिंगला चकरा मारल्या, मी नीट. तापू दिलं, परत चकरा मारल्या, मी बिघडलो. मग इंजिन चालू ठेवून तिने माझी तेल बघायची पट्टी बाहेर काढली आणि पांढऱ्या रुमालावर पुसली. लाल तेल काळपट तपकिरी झालेलं. तिने रुमाल नाकाशी नेला. करपलेला वास! ती बोनेटला टेकून उभी राहिली. मला कळलं, हिला कळलं.

महेंद्र टेम्पो लावून येत होता. तिने हाक मारली. "शिळफाट्यावरून त्या दिवशी गाडी कशी आणलेलीस रे?"

"आणलेली ना. कशी म्हणजे?"

"क्रेनने?"

"अगं, तो वेळ लागेल बोलला. मी बोललो, आपला टेम्पो आहे ना. दोरी लावली. न्यूट्रल टाकलेला मी, काय कच्चा आहे का?"

"मी तुला काय सांगितलेलं?"

महेंद्र किल्ली बोटात फिरवत राहिला. "मला वाटलं तू उगाच घाबरतेस. आयुष्यभर गाड्या ओढल्यात, ताई. तुला काय गाडीतलं..." आणि तो थांबला.

"बोल की. तुला काय गाडीतलं कळतं, हेच ना?" रचनाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "लहानपणापासून तुम्ही सगळे मला उचलून नेता. प्रेमाने नेता, मला माहितीये. पण 'ताई, तुला कुठे जायचंय?' हे कधी कोणी विचारलं? मी सांगितलं तरी ऐकायचं नाही?"

महेंद्र पुढे आला. रुमाल बोनेटवर पडलेला, तो त्याने उचलला, वास घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. एवढा मोठा माणूस, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आता मी वागळे इस्टेटमध्ये साईनाथच्या गॅरेजात आहे. रचनाने पहिल्यांदाच साईनाथला अख्खी हकिकत सांगितली, दोरीसकट, आणि महेंद्र शेजारी मान हलवत उभा होता. मग गाडी क्रेनवर चढवून इथे आणली. मला खाली उतरवलं, उघडलं. चकत्या काळ्याठिक्कर. साईनाथ बोलला, "याचे पार्ट यायचे बंद झालेत. पण मागून ठोकलेली अशीच एक गाडी भंगारात आलेय, तिचा गिअरबॉक्स चांगला दिसतोय. गॅरंटी मात्र मी देत नाही."

"एवढं करून परत बंद पडली तर?" महेंद्रने विचारलं.

"पडली तर परत बघू," रचना बोलली. "बसव."

तो दुसरा गिअरबॉक्स दिवसभर माझ्या शेजारी गोणपाटावर पडून होता. मला त्याचा राग आला, सांगतोच. माझी जागा, माझी रचना! पण राग धरून करू काय? मी त्याला सांगितलं, बाबा रे, बाई सांभाळून चालवते, तेल बघते, तिला फसवू नकोस. बायपासचा चढ आला की तिचे हात घट्ट होतात. तेव्हा घाई करू नकोस, पकड पक्की झाल्याशिवाय तिसऱ्यात जाऊ नकोस.

आणि तुम्हालाही, वाचणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो. जोडायला हात नाहीत, पण समजून घ्या. कोणाच्या मदतीला धावाल तेव्हा आधी त्याचं ऐका. तो सांगत असतो. मला सांगता येत नव्हतं, रचनाला येत होतं.

तो दुसरा गाडीत बसला. उद्या मला भंगारवाला नेईल, वितळवतील, त्याचं काही वाटत नाही. मघाशी काम झाल्यावर साईनाथने हात पुसले आणि सवयीने किल्ली महेंद्रपुढे धरली. "एक राउंड मारून बघा."

महेंद्रने हात मागे घेतला. "मला नको, ताईला द्या." मग तिच्याकडे वळून, जरा अडखळत, "ताई, येऊ का मी सोबत?"

रचनाने किल्ली घेतली. "नको. मी एकटी जाऊन येते."

"बरं," तो बोलला.

गाडी गॅरेजातून बाहेर पडली. महेंद्र येऊन माझ्या शेजारीच उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. आम्ही दोघेही कान लावून होतो. पहिला. दुसरा. मग तिसरा, झटका नाही, बोंब नाही. नाक्यावर वळल्यावर आवाज येईनासा झाला. बराच वेळ झाला तरी ती परतली नाही. तलावपाळीला गेली असणार, मला वाटलं. महेंद्रने फोन काढला, ताईचा नंबर काढला, बघत राहिला, आणि न लावताच परत खिशात ठेवला.