उलटी ग्रिप

थोरली नात तापात गेली. तेव्हापासून तिची बॅडमिंटनची रॅकेट माझ्या खाटेसमोरच्या खुंटीला होती. धाकटी खेळायला लागली तशी माझ्या सुनेने तीच काढून तिच्या हातात दिली. "ताईची आहे. घरात असताना दुसरी कशाला?"

धाकटी खेळून आली की तळहात नळाखाली धरून उभी राहायची. निवडीचे सामने तोंडावर आले आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आजोबा, मी नाव काढून घेते."

"का गं? भूत दिसलं की काय?"

मी थट्टेने म्हणालो. ती हसली नाही.

"मी फटका मारायला जाते, आणि रॅकेटची मूठ हातात वळते. ताई सोडवून घेते. तिला ती मला द्यायचीच नाहीये."

भुताखेतांना भ्यायचं माझं वय गेलं. तरी अंगावर काटा आला. दुपारी घर निजलं की खुंटीला परत लावलेली ती रॅकेट बारीक वाजायची, कोणी नखाने छेडल्यासारखी. वारा असेल म्हणून मी कूस बदलायचो. घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

सुनेला मात्र स्पष्ट सांगितलं, "पोर खेळ सोडतेय. दुकानात चला."

"चला. पण हीच दुरुस्त करून घेऊ. नवी नको."

खेळाच्या सामानाचा दुकानदार बोलघेवडा होता. त्याने रॅकेट हातात घेतली, मूठ फिरवून पाहिली आणि मुठीवरच्या पट्टीचं टोक चाचपलं. मग धाकटीला म्हणाला, "डावखुरी आहेस का गं?"

"नाही. ताई होती."

"मग ही ग्रिपची पट्टी उलटी का गुंडाळलीय? उजव्या मुठीत ही सुटत जाणार. हात सोलून निघेल तुझा."

सून खाली बघत म्हणाली, "मीच गुंडाळते. दर रविवारी. तिला तशीच लागायची."

भूत सापडलं होतं. ते माझ्या सुनेच्या बोटांत राहत होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

दुकानदाराने काउंटरवर रॅकेटी मांडल्या. "रंग बघू नकोस. डोळे मीट आणि फिरव."

धाकटीने एक उचलली. "ही पुढे ओढते." दुसरी घेतली. "ही हातात आहे की नाही तेच कळत नाही." मग एक पिवळी घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली, कोणी न सांगता तिसऱ्यांदा फिरवली.

"ही."

"अगं, रंग किती भडक!" सून म्हणाली.

"वहिनी, शटलला डोळे नसतात," दुकानदार म्हणाला.

"पण हीच का?" मी विचारलं.

"ही गप्प आहे, आजोबा."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर तिने जुनी पुन्हा खुंटीला लावली. धाकटीने नवी भिंतीला टेकवली, आणि खुंटीवर टण् आवाज झाला. कोणी हात लावला नव्हता. जुन्या रॅकेटच्या जाळीची मधली दोरी तुटून लोंबत होती.

सून पांढरी पडली. थोरली नेहमी सांगायची, एक दोरी तुटली की बाकीच्या लगेच कापायच्या, आई. ओढ एकीकडे राहते, फ्रेम वाकडी होते.

तिने शिवणाची कात्री आणली. मधून बाहेर कापत गेली. प्रत्येक दोरी सुटताना आवाज करत होती आणि धाकटी माझ्या मनगटाला घट्ट धरून होती. शेवटी नुसतं कडं उरलं. ते सुनेने पदराने पुसून खुंटीला लावलं.

मग नव्या रॅकेटसाठी आणलेली ग्रिपची गुंडाळी घेऊन बसली. पहिला वेढा दिला आणि थांबली. उलटाच पडला होता. सोडून पुन्हा दिला, पुन्हा तसाच.

"तू गुंडाळ," ती धाकटीला म्हणाली. "माझे हात अजून तिकडेच वळतात. मी बघते."

धाकटी हळूहळू पट्टी ओढत राहिली. "नाव काढून घेत नाही मी, आजोबा," वर न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुंटीवर काही वाजलं नाही. मी कान देऊन जागाच राहिलो.