पहिला घोट

पडद्याच्या फटीतून मी बघत होते. माझं लग्न ज्याच्याशी ठरत होतं त्या स्वालेहच्या आजीने, बी अमीनाने, घरून आणलेल्या थर्मासमधला चहा स्वतः ओतला आणि कप माझ्या बाबांपुढे धरला.

“घ्या. तुमची मुनिरा आमच्या घरी यायची, तर आमच्या घरचा पहिला घोट तुमचा.”

बाबा मोंबासाच्या चहाबाजारातले चाखणारे. सगळी हयात रोज कपामागून कप सुर्रकन ओढायचे, जिभेवर घोळवायचे आणि थुंकायचे. घरी चहा म्हणून प्यायचे नाहीत. जीभ बिघडेल म्हणून आमच्याकडे कांदा नाही, मिरची नाही, लवंगसुद्धा नाही. आई बिचारी शेजारणीच्या जिन्यात बसून कैरीच्या लोणच्याची फोड खायची आणि चूळ भरून घरात यायची. गेलीही त्याच फिक्या भातावर. संध्याकाळी गल्लीतल्या ओट्यावर पुरुष गप्पा छाटत बसतात. बाबांना त्यातल्या एकाचं नाव धड ठाऊक नाही. रिटायर झाल्यापासून ते नुसते खिडकीशी बसतात.

सकाळपासून मी त्यांना पढवत होते. “बाबा, गिळायचा हं. काही झालं तरी गिळायचा.”

“कळतं गं मला! कुक्कुलं बाळ आहे का मी?”

त्यांनी कप घेतला. सुर्रर्र! अख्खी खोली दचकली. डोळे मिटले, गाल हलले, आणि पाहुण्यांना हात धुवायला ठेवलेल्या गुलाबपाण्याच्या तस्तात ते पचकन थुंकले.

“पाणी फार उकळलंय,” ते म्हणाले. मग डोळे उघडले.

बी अमीनाचा हात तसाच पुढे राहिला. स्वालेहचा मामा ताडकन उठला. “वा रे वा! चल बी, ऊठ. आज चहा थुंकला, उद्या आपलं पोरगं चाखून थुंकतील.”

“अहो, सवय आहे ती... बसा ना,” बाबा काकुळतीला आले. “मला दुसरं काही येतच नाही हो.”

कुणी बसलं नाही. मामाने थर्मास उचलला. जाताना स्वालेहने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. जमत आलेलं माझं लग्न असं मोडलं.

मग मी रडले, नको नको ते बोलले. “आधी आईला खाल्लंत, आता मला!”

ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मुनिरा, मला एक कप कर. आलं, वेलची, साखर, सगळं घाल. इथे पिऊन बघतो. मग त्यांच्या दारात जाऊन त्यांच्यासमोर पितो.”

मी केला. त्यांनी तोंडात घेतला. या वेळी आवाज नाही. गाल फुगवून नुसते बसले.

“गिळा, बाबा.”

त्यांनी मान डोलावली. नरडं वरखाली झालं, पण घोट काही उतरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी जवळ जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “गिळा ना हो.”

ते उठले. तोंड घट्ट मिटून, भिंतीला धरत धरत मोरीकडे गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो बंद झाला नाही.