पट्टीच्या काठापलीकडचा चौथा

मित्रांनो, मी एका जुन्या ॲपमधला चौथा टॅब आहे. जुना म्हणजे वर्षभराचा. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. आत्ता मुलं सांभाळणाऱ्या बसम्मा मावशींच्या फोनवर नवीन ॲप उतरतंय. ते उतरलं की मी पुसला जाईन. म्हणून भरभर सांगतो, आणि गोड बोलणार नाही.

सोलापुरातल्या एका पाळणाघरासाठी गुरुलिंगनं मला बनवलं. वर पानांच्या नावांची पट्टी, खाली ती पानं. बोटानं पडदा सरकवला की पुढचं पान. हजेरी, खाऊ, फोटो आणि शेवटी मी, ॲलर्जी. त्याच्या मोठ्या फोनवर आम्ही चौघं शेजारी शेजारी दिसायचो. मावशींच्या लहान फोनवर तिघंच मावले. मी उजव्या काठापलीकडे. "सरकवलं की दिसतं की," गुरुलिंग म्हणाला. पाळणाघराच्या बाईंनी त्याच्याच फोनवर बघून टाळ्या वाजवल्या. मावशींचा फोन त्यानं हातात घेतलाच नाही.

वर्षभरात माझ्यात एकच नोंद झाली. चार वर्षांच्या यशपालच्या आईनं, धम्मप्रियानं, ती तीनदा वाचून भरली: 'शेंगदाणे अजिबात नको. ओठ सुजतात, श्वास अडतो. औषध दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.' दुसऱ्या दिवशी दारातच तिनं विचारलं, "मावशी, यशचं ॲपवर टाकलंय. बघितलं ना?"

"बघितलं की ताई. लई ग्वाड दिसतंय लेकरू."

मावशी फोटोंबद्दल बोलत होत्या. धम्मप्रियाला ते खटकलं. पण ऑफिसला उशीर होत होता, निघून गेली. मला तिचा राग येतो. तिला स्वतःचा त्याहून जास्त येतो.

परवा यशनं डबा तसाच ठेवला. मावशींनी मायेनं आपल्या डब्यातली भाकरी मोडली, वर दही आणि शेंगाचटणी. एक घास भरवला आणि ताटाचा फोटो 'खाऊ'मध्ये टाकला. धम्मप्रियानं तो ऑफिसात पाहिला आणि लगेच फोन केला. "मावशी, थांबवा! ॲलर्जीत लिहिलंय ना सगळं!"

मावशींनी ॲप उघडलं, पडदा सरकवला. फोटोंच्या पानापर्यंत आल्या आणि तिथंच अडकल्या. बोट फिरवलं की पान बदलेना, नुसते फोटोच सरकत राहिले. फोटो सरकवणं आणि पान सरकवणं, दोन्ही एकाच बोटावर, आणि गुरुलिंगनं ते वेगळं केलं नव्हतं.

"कुटं हाय ताई? हितं निस्ते फोटूच हायेत!"

पडद्यावर यश हसत होता. मांडीवर त्याचे ओठ सुजत होते. मी एका पानाच्या अंतरावर होतो, मुका.

शेवटी आईनंच ओरडून कप्पा सांगितला. औषध मिळालं, रिक्षा मिळाली. यश वाचला. त्यात माझा काहीही वाटा नाही.

आज गुरुलिंग पाळणाघरात आला, धम्मप्रियाला म्हणाला, "मॅडम, स्वाइप करायचं असतं ते."

धम्मप्रियानं मावशींचा फोन त्याच्या हातात दिला. "करा."

त्यानं बोट फिरवलं. वाढदिवसाचा फोटो आला. पुन्हा फिरवलं. गॅदरिंगचा आला.

"तुमच्या पोराचा श्वास अडकलाय असं समजा. करा लवकर."

त्यानं मान वर केली नाही. "नव्या ॲपमध्ये हजेरीतच, नावाखाली लाल अक्षरात येईल. अपडेट पाठवलंय."

"मावशींच्या फोनवर कुठंय? माझ्यासमोर टाका."

फोनमध्ये जागाच नव्हती. वर्षभराचे मुलांचे फोटो मावशींनी जपले होते. पदरानं डोळे पुसत त्या एकेक काढून टाकू लागल्या. "मला वाचता येत न्हाय असं समजू नगा, साहेब," त्या म्हणाल्या. "मला ते दिसलंच न्हाय."

नव्वद टक्के झालंय. मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी ॲप बनवेल. पानं खुशाल झुळझुळ सरकवा. पण जिवावरची ओळ काठापलीकडे ठेवू नका. आणि ज्यांचा फोन सगळ्यांत लहान आहे, त्यांच्या शेजारी बसून आधी तो चालवून बघा.

माझ्यासाठी हळहळू नका. मी गेलेलाच बरा. धम्मप्रिया मावशींच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभी आहे. यशच्या नावाखाली ती लाल ओळ दिसल्याशिवाय ती इथून हलणार नाही.