हिवाळ्यातला लांब दिवस

एप्रिलमधली सकाळची शाळा. सेनगावाहून खच्चून भरलेल्या जीपमधून तांड्यावर येईस्तोवरच करुणाबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यात आज धडा दिवस-रात्रीचा. चेंडूवर बॅटरी धरून दाखवायला गेल्या, तर खिडकीतून येणाऱ्या लख्ख उन्हात बॅटरीचा उजेडच दिसेना.

"हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मोठा," त्यांनी पुन्हा घोकून घेतलं. "आता सांगा, मोठा दिवस कधी?"

"हिवाळ्यात," तिसरीतली मिना म्हणाली.

मिना आठवड्यापूर्वीच आई-बापासोबत ऊसतोडीहून परतली होती. वर्गातली निम्मी लेकरं तशीच. त्यांनीही माना हलवल्या.

"अगं, किती वेळा सांगू? हिवाळ्यात काहून म्हणून राहिलीस?"

"लई मोठा असतो, बाई. अंधारात उठायचं, फडात जायचं. दिसभर धाकट्याला सांभाळायचं. गाडी भरंस्तोवर पुन्हा अंधार. सरतच न्हाई. इथं तर खेळायला गेलं की लगेच संपतो."

"मग पुस्तकात काय खोटं लिहिलंय?" बाई कडाडल्या.

मिनानं मान खाली घातली. बाईंना स्वतःचाच राग आला. पोरीचा, पुस्तकाचा आणि उन्हाचा तर आलेलाच होता. चरफडत त्यांनी फळ्यावर लांबलचक रेघ ओढली.

"हे तुमचं काम, अंधारापासून अंधारापर्यंत. आता सांग, फडात पोचल्यावर सूर्य वर आलेला असायचा?"

"न्हाई. थोडा ऊस तोडून झाला की मग उगवायचा."

"आणि मावळायचा तेव्हा?"

"गाडी भरायची राहायची."

पहिल्या रेघेखाली बाईंनी आखूड रेघ ओढली. "हा उजेड. मग लांब काय होतं?"

मिनानं उठून वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "काम."

"आणि उजेड?"

"आखूड."

"हां! त्या उजेडालाच दिवस म्हणायचं, माझे बाई!" करुणाबाईंनी घाम पुसला.

तेवढ्यात मागून रामप्रसाद उठला. "बाई, उन्हाळ्यात उजेड मोठा. मग उन्हाळ्यात तोडणी आली तर मुकादम अजूनच राबवंल की!"

वर्गात एकच गलका झाला. मिना तर रडकुंडीला आली. "नको बाई, दिवस लहानच ऱ्हाऊ द्या."

"माझ्या हातात आहे का ते?" बाई खेकसल्या. पण तिचा चेहरा बघून त्या नरमल्या.

त्यांनी पुस्तक मिटलं. घंटेला अवकाश होता, तरी पोरांना खेळायला सोडलं आणि उद्या हाच धडा पहिल्यापासून घ्यावा लागणार म्हणून कपाळ धरून बसल्या.