रोग ओढणारं पदक

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून चिखलीच्या त्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर रत्नानंद महाराज, गळ्यात तांब्याची सात पदकं. शिष्यांच्या गळ्यात तीन-तीन. जितकी पदकं जास्त तितकी सिद्धी मोठी, असा तिथला कायदा.

"रोग काळा, पदक लाल. पदकात रोग, रोगी खुशाल," महाराज घोळून घोळून म्हणत. शिष्य छातीला ओला अंगारा फासत, वर चकचकीत पदक ठेवून फडकं बांधत. पाच मिनिटं मंत्र, की पदक काळंकुट्ट. छातीची आग झालीच तर तो म्हणे रोग निघताना ओरबाडतो.

मी विजयश्री. जवळच्याच प्लेटिंगच्या वर्कशॉपात माल तपासते. माझं डोकं आधीच तापलं होतं. गेल्या गुरुवारी माझ्या सासूबाईंचं, दुर्गाबाईंचं पदक काळं झालं आणि त्यांनी इन्सुलिन बंद केलं. आज साखर चारशेवर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर जिवावर बेतेल. आणि या बाई म्हणतात, "पदकानं साखर वढून घेतली. तुझं मशीनच खोटं बोलतंय."

त्यांना पुढे बसवून मी रांगेत लागले. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, मैत्रिणीचं म्हणून सासूबाईंना सांगितलेलं.

"बाळाचं तोंड उघडू नकोस, दृष्ट आहे," महाराजांनी डोळे मिटले. "जुनाट दमा. आजोळची बाधा. रात्रभर रडतो ना?"

"अजिबात आवाज करत नाही, महाराज."

"बाधेनं वाचा धरलीय."

घ्या, याचंही उत्तर तयार. मी अंगारा आणि पदक मागून घेतलं, दुपट्यात हात घालून स्वतःच बांधलं. पाच मिनिटांनी पदक काढलं, काळंकुट्ट. जयजयकार झाला. सासूबाईंनी माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मग मी दुपटं सोडलं. आत तीन किलोचा लाल भोपळा.

मागून एक बाई खुदकन हसली आणि मग सगळं गोडाऊन लोटपोट झालं.

"दमा गेला असेल तर संध्याकाळी भाजी करते," मी म्हणाले. "अहो, अंगाऱ्यात गंधकाचा क्षार आहे. तांब्याला जुनाट रंग द्यायला आम्ही तोच वापरतो. ओला लागला की तांबं काळं पडणारच, खाली माणूस असो नाहीतर भोपळा. सडक्या अंड्याचा वास लपवायला वर अत्तर ओतलंय. हुंगून बघा."

आमच्या वर्कशॉपातला किसन पुढे आला, हुंगला. "आपल्या टाकीचाच वास, ताई."

महाराजांना तेवढ्यात समाधी लागली. शिष्य मागच्या शटरकडे सरकले.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. "म्हंजे माझी साखर हाय तेवढीच हाय?"

"हो आई."

"मग हितं काय करतीयास? रिक्षा बोलाव." आणि शेजारणीला म्हणाल्या, "तू बी गोळ्या टाकून दिल्यास न्हवं? चल ऊठ."

दवाखान्यात पोचेपर्यंत आमच्या मागे पाच रिक्षा होत्या. आपण कंपनीत साधा नट मापाचा गेज लावल्याशिवाय पुढं सोडत नाही. मग आपल्या माणसाच्या जिवाचा सवाल असताना तपासायला लाज कसली? चमत्कार दिसला तर खुशाल तपासा, चारचौघांत तपासा. आणि तोवर डॉक्टरचं औषध बंद करू नका.