घरीच, म्हणतोय

“जरा थांबा हं डॉक्टर, फोन टेबलावर ठेवते, म्हणजे त्यालाही ऐकू येईल,” आफ्के म्हणाली आणि तिनं फोन नवऱ्याच्या कपाशेजारी ठेवला.

डॉक्टर टेरप्स्ट्रा गावातल्या सगळ्याच दुखणाईत म्हाताऱ्यांना फोन करत होते. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात कोरोनाची साथ अजून फारशी पोचली नव्हती, पण दक्षिणेकडची इस्पितळं भरून गेली होती.

“आडपडदा न ठेवता सांगतो, गोसे. तुमचा कंपवात जुना आहे. छाती आखडलीय, खोकल्यात जोर नाही, गिळताना ठसका लागतो. दुसऱ्या कुणाला हा कोरोना सर्दीसारखा होऊन जाईल, तुम्हाला नाही जायचा. श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, तरी बहुतेक उठणार नाही. उठलात, तर आत्ता चालता तेवढंही चालणं होणार नाही. वेळ आली तर इस्पितळात न्यायचं की घरीच राहायचं? तुम्हीच सांगा.”

गोसे आयुष्यभर कालव्यावरच्या पुलाचा राखणदार होता. त्यानं काठावरून हाक दिली, की भर वाऱ्यात नावाडी होड्या थांबवत. कंपवातानं आधी त्याचे हात धरले, मग चेहरा थिजवला आणि शेवटी आवाज नेला. आता तो जे पुटपुटे, ते आफ्के त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐके आणि मोठ्यानं सांगे. पाववाल्याला, शेजाऱ्यांना, मुलीला. कुणी कधी शंका घेतली नाही.

ती वाकली.

“न्या,” गोसे म्हणाला. “मला जगायचंय.”

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

आफ्के सरळ झाली. रात्र रात्र त्याला कुशीवर वळवून तिची कंबर कामातून गेली होती. त्याचे हाल होऊ नयेत असं तिला वाटलं, की आपले, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“घरीच, म्हणतोय.”

“शहाणपणाचं बोललात, गोसे.”

गोसे तिच्याकडे बघत राहिला. चेहरा हलायचा प्रश्नच नव्हता.

“रागावलास?” तिनं संध्याकाळी सूप भरवताना विचारलं. त्यानं तोंड उघडलं, ते चमच्यापुरतं. त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. कुंपणापलीकडून कुणी चौकशी केली, की ती सवयीनं वाकायची, सरळ व्हायची आणि सांगायची, “बरा आहे, म्हणतोय.”

ईस्टरच्या सुमारास आफ्केचा घसा खवखवला. दोनेक दिवस कॉफीला वास येईना. तेवढंच. तिच्यापासून गोसेला कोरोना झाला. तो तापानं फणफणला, फळीसारखा ताठ झाला, गोळ्या घशाखाली उतरेनात.

डॉक्टर प्लास्टिकचा झगा घालून आले. गोसेच्या ओठांवर निळी झाक चढली होती.

“ठरल्याप्रमाणेच ना?” त्यांनी आफ्केला विचारलं.

गोसेनं तिची बाही धरली. त्याच्या मुठीत इतकी ताकद उरली असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

“थरथर फारच वाढलीय,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हळुवारपणे त्याचं एकेक बोट सोडवलं.

“हो,” आफ्के म्हणाली. “ठरल्याप्रमाणेच.”

मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं, तरी गोसेची छाती दुसऱ्या दुपारपर्यंत घरघरत होती. एकदा आफ्केनं त्याच्या तोंडाशी कान नेला. नुसता श्वास होता.

मुलगी, हिस्के, स्वोलहून आली. वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर ती स्वयंपाकघरात बसून लिहीत होती.

“आई, सगळ्यात वर बाबांचेच शब्द घालू या. इतकं शांतपणे स्वतःचं स्वतः कोण ठरवतं? नक्की काय म्हणाले होते ते?”

“घरीच, म्हणाला.”

“एवढंच?”

“बोलायचा कुठे तो फार.”

हिस्केनं डोळे पुसले आणि लिहिलं, ‘मी घरीच राहतो.’ मग कागद आईपुढे सरकवला. आफ्केनं चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“आडनावात एक अक्षर राहिलंय,” ती म्हणाली.