पडद्यावरची अक्षरं

परिषदेच्या दारातच उभ्या केलेल्या यंत्रमानवाने मान वाकवून "आपलं स्वागत आहे" म्हटलं, तर वहिनी त्याला म्हणाली, "थँक यू बाळा."

"अगं, तो डबा आहे," मी म्हटलं.

"असू दे. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून एवढी माणसं फिरतायत, त्यात ह्या एकट्याने तरी आपली दखल घेतली."

मी हसले, पण खरं म्हणजे मला हायसं वाटलं. अख्खं वाक्य एका दमात आलं होतं. हल्ली मी तिची वाक्यं अशीच ऐकते. काय म्हणाली ते नंतर, आधी शेवटापर्यंत पोचली का, ते.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आम्ही दोघी दुभाषी. सभागृहाच्या मागे काचेची एक केबिन असते, तिथे कानाला हेडफोन आणि पुढ्यात माईक घेऊन बसायचं. व्यासपीठावरचा पाहुणा त्याच्या भाषेत बोलत असतानाच ते आपल्या भाषेत सांगत जायचं. खाली ज्यांना हवं ते हेडफोनवर ऐकतात. एकटीने हे फार वेळ झेपत नाही, डोकं बधिर होतं, म्हणून दोघी लागतात. एक बोलते तेव्हा दुसरी आकडे आणि नावं चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे सरकवते. दमलेलीच्या मनगटावर हात ठेवला की समजायचं, आता मी घेते, तू थांब.

ही विद्या मला वहिनीने दिली. लग्न होऊन घरात आली आणि वर्षभरात मला बखोटीला धरून केबिनमध्ये नेऊन बसवलं. "नुसती तोंड चालवतेस दिवसभर, त्याचे पैसे तरी मिळव," म्हणाली. तिने घालून दिलेला पहिला नियम म्हणजे, बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. दादा म्हणायचा, नणंद-भावजय काचेच्या खोलीत दिवसभर कोंडलेल्या आणि तरी भांडण नाही, ह्याला खरं तर तिकीट लावायला हवं.

मग गेल्या वर्षापासून वहिनीचे शब्द हरवायला लागले. आधी घरात. किल्ली हातात धरून "ते दे ना, उघडायचं" म्हणायची, आणि आम्ही हसायचो. हसायचो, देवा! पुढे डॉक्टर म्हणाले की हे असंच एकेक करून जाणार, गेलेले परत येणार नाहीत. दादाने डॉक्टर बदलून पाहिले. सगळ्यांनी तेच सांगितलं, फक्त कोणी हळू आवाजात, कोणी मोठ्या.

शेवटी वहिनीनेच निकाल लावला. "ही एक परिषद करू. जमलं तर पुढचं काम घेऊ. नाही जमलं तर मी माईक ठेवते, आणि मग मला कोणी समजावत बसायचं नाही." मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

तर परिषद होती डेटा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची. गुळगुळीत फरशी, एसी असा की दात वाजावेत, प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत न वाचायची पत्रकं. मानवजातीच्या भवितव्यावर बोलायला आलेली मंडळी बिस्किटांच्या टेबलापाशी एकमेकांना कोपरं मारत होती. गळ्यातल्या पट्ट्यावर सगळ्यांच्या पदव्या. आमच्या पट्ट्यावर नुसतं 'सेवा'. वहिनीने तो उलटा करून टाकला.

सकाळचा पहिला वक्ता शहराच्या पाणीपुरवठ्यावर बोलणार होता. जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते संगणक नुसत्या आवाजावरून कसं ओळखतो, वगैरे. सोपा विषय. वहिनी म्हणाली, "पहिलं मी घेते." सुरुवात छान झाली. तिचं एक पालुपद आहे, अवघड मुद्दा आला की आधी "तर गंमत काय आहे," म्हणते आणि तेवढ्यात मनात वाक्य जुळवून घेते. तिच्या आवाजात ते इतकं गोड लागतं की लोक नंतर येऊन तेच म्हणून दाखवतात. तसं ती म्हणाली, "तर गंमत काय आहे..." आणि थांबली. मग म्हणाली, "ते पाण्याचं, लांब असतं ना, जमिनीत, ते..."

पाइप. एवढा साधा शब्द. मी चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला. तिने वाचला, म्हटला, पुढे गेली. पुढच्याच वाक्यात पुन्हा अडकली. काचेपलीकडे दोनचार माथी मागे वळली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

पुढची सगळी सकाळ मीच बोलले. ती आकडे लिहून देत राहिली, टपोऱ्या अक्षरात, एकही चुकला नाही. माझा घसा सुकला की पाण्याचा ग्लास पुढे करत होती. मला एवढं रडू येत होतं की वक्ता विनोद करत होता आणि मी तो रडक्या आवाजात सांगत होते.

जेवणाच्या सुट्टीत तिने ताट तसंच ठेवलं. "उरलेला दिवस तूच कर," म्हणाली. "मी बसते बाजूला. हाकलणार नाहीस ना, वन्सं?" वन्सं ती फक्त चिडवताना म्हणते. मी तिच्या ताटातली काकडी उचलून खाल्ली.

दुपारच्या सत्राआधी आयोजक व्यासपीठावर आला. सूट, चकचकीत बूट, प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबणारा. म्हणाला, आता एक खास भेट. आमचं यंत्र वक्त्याचं भाषण ऐकेल आणि त्याच क्षणी आपल्या भाषेत पडद्याच्या खाली अक्षरांत दाखवेल! दाखवलंही. मोठ्या पडद्याच्या तळाशी काळी पट्टी आली आणि तिच्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. टाळ्या झाल्या. मेल्यांनी आम्हाला बोलावून आमच्याच नाकावर टिच्चून हा तमाशा मांडला होता. मी माईक बंद असल्याची खात्री करून दोन शिव्या हासडल्या.

"चिडतेस कशाला?" वहिनी म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हा वक्ता मी घेऊ?"

"नक्की?"

"घेते."

आणि काय सांगू! वहिनी सुटली. रुग्णालयातल्या तपासण्या, यंत्राला शिकवायची माहिती, तिच्यातल्या चुका, अशी लांबलचक वाक्यं, आणि ती धबाधबा बोलत होती. कुठे अडखळणं नाही की 'ते, ते' नाही. आवाज तोच, उबदार, जरासा खर्जातला. मी चिठ्ठी लिहायची विसरले. तासभर झाल्यावर मी मनगटाकडे हात नेला, तर तिने मान हलवली. थांबायचं नव्हतं तिला.

एकदोन गोष्टी मला दिसल्या होत्या, नाही असं नाही. "तर गंमत काय आहे" एकदाही आलं नाही. नजरही वक्त्याच्या तोंडावर नव्हती, त्याच्या जरा खाली होती. म्हटलं, सकाळच्या धक्क्यानंतर सावधपणे चाललीय, चालू दे. मी इतकी खूश होते की कोणी येऊन कानाखाली वाजवली असती तरी हसले असते.

चहाच्या सुट्टीत मी जिन्याखाली जाऊन दादाला फोन केला. "दादा, वहिनी बोलतेय! अरे, पहिल्यासारखी बोलतेय, पूर्ण सत्र एकटीने केलं."

तो म्हणाला, "चेष्टा करू नकोस हं."

"तुझी शपथ. डॉक्टरांना काय कळतंय? तिला घरात बसवून ठेवलं म्हणून झालं ते. काम मिळालं, बघ कशी खुलली."

दादा फोनवर रडायला लागला. माझा दादा, जो बाबा गेले तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडला होता. म्हणाला, "मी येतो घ्यायला. सगळे मिळून बाहेरच जेवू." मी केबिनमध्ये परत आले तेव्हा वहिनी डोळे मिटून बसली होती. मी तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं आणि म्हटलं, "पुढच्या महिन्याचं काम घेतेय मी, आधीच सांगते." ती हसली. काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला आणि शेवटचं सत्र सुरू झालं.

शेवटचा वक्ता बसगाड्यांवर बोलत होता. कुठल्या थांब्यावर किती गर्दी होईल ह्याचा अंदाज. वहिनी पुन्हा तशीच बोलायला लागली, सपाट, भराभर. त्याने एक मोठा आलेख पडद्यावर आणला, त्याच्याकडे वळून बघितलं आणि डोकं खाजवलं. मग काहीतरी म्हणाला. क्षणभराने वहिनीने तेही शांतपणे सांगितलं, "माझ्या आलेखातले खालचे आकडे झाकले जात आहेत, तरी ती अक्षरं जरा बंद करता का?"

पडद्याखालची काळी पट्टी गेली.

वहिनी थांबली.

मला वाटलं, वक्ता थांबला असेल. पण माझ्या हेडफोनमध्ये तो बोलत होता, पहिला थांबा, दुसरा थांबा, पावसाळी दिवस. वहिनीचं तोंड किंचित उघडं होतं. नजर पडद्याच्या तळाशी, जिथे आता नुसते आकडे होते. ती वाट बघत होती. खाली एका माणसाने हेडफोन काढून त्यावर टिचक्या मारल्या आणि पुन्हा कानाला लावला. मग बऱ्याच माना काचेकडे वळल्या.

तेव्हा मला कळलं. दुपारभर ती ऐकून बोलत नव्हती. वाचत होती. ज्याच्यावरून मी दोन शिव्या हासडल्या होत्या, त्याच यंत्राने एकेक शब्द तिच्यापुढे ठेवला होता आणि तिने तो नुसता उचलला होता. सकाळी मी चिठ्ठीवर 'पाइप' लिहून दिला होता, तसाच.

मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि माईक घेतला. शेवटपर्यंत बोलले, कसं ते मला विचारू नका. मध्येच डावीकडून एक चिठ्ठी सरकत आली. बसचे आकडे होते, टपोऱ्या अक्षरात.

टाळ्या झाल्या, दिवे लागले, खुर्च्या सरकल्या. आम्ही दोघी हेडफोन काढून बसलो.

"वाचत होतीस?" मी म्हटलं.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं तुला दिसतंय," म्हणाली. "शेजारीच तर बसली होतीस." मग शब्द शोधत शोधत, "नंतर तू आलीस... नाचत. ते... सांगवेना गं."

मला स्वतःचा एवढा राग आला. मी तिच्या इतकी जवळ बसून तिच्याकडे बघितलंच नव्हतं, मला हवं तेच बघत बसले होते. आणि त्या यंत्रावर तरी कुठल्या तोंडाने चिडू? एक दुपारभर का होईना, त्याने मला माझी वहिनी परत दिली होती. खोटी होती, पण आवाज तिचाच होता.

हेडफोन परत करायला एक म्हातारी बाई केबिनपाशी आली. काचेच्या दारातून डोकावून वहिनीला म्हणाली, "पडद्यावर वाचता येत होतं हो, पण मी तुमचंच ऐकत बसले. किती छान बोलता!" वहिनीने हात जोडले. बाई गेल्यावर तिने आपला हेडफोन घेतला, वायर हळूहळू गुंडाळली, माईकचं बटण बंद आहे का ते पाहिलं, आणि दोन्ही टेबलाच्या मधोमध ठेवले. ते माझ्या हातात दिले असते तर मी पुन्हा तिच्याच हातात कोंबले असते. तिला ते ठाऊक होतं.

बाहेर आलो. दादा दाराशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आलेला. आम्हाला बघताच पुढे धावला, वहिनीचे दोन्ही हात धरले. म्हातारा झालाय माझा दादा, मला त्या क्षणी दिसलं.

"ऐकलं मी सगळं," तो म्हणाला. "आता तुझ्या तोंडून ऐकायचंय. सांग ना, काय काय बोललीस आज?"

वहिनी त्याच्याकडे बघून हसली. तोंड उघडलं. मग तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सरकून खाली आली, त्याच्या छातीपाशी, शर्टाच्या बटणांवर, आणि तिथेच थांबून राहिली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

दादा वाट बघत होता. अजून हसत होता.

मी वहिनीच्या मनगटावर हात ठेवला.